विश्लेषण : करारनामा, घरपट्टी, वीजमीटर असूनही इमारत बेकायदा कशी ठरते?

‘घर विकत घेतले आहे, घरपट्टी भरतो, वीजबिल नावावर आहे. मग इमारत बेकायदा कशी?’ वसई-विरारमध्ये अनधिकृत इमारतींवर बुलडोझर चालतो तेव्हा हा प्रश्न हमखास पुढे येतो. प्रश्न रास्त आहे. घर घेताना सर्वसामान्य माणसाच्या फाइलमध्ये पाच-सहा सरकारी कागद जमा होतात. मात्र यातील प्रत्येक कागद कायद्याच्या एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देतो. ‘ही इमारत बांधायला परवानगी होती का?’ हा प्रश्न त्यातील बहुतेक कागद विचारतच नाहीत. कोणता कागद नेमके काय सांगतो, महारेरा नोंदणीनंतरही फसवणूक कशी झाली आणि घर घेण्यापूर्वी काय तपासावे, याचा आढावा.

अग्रवाल नगरीत काय घडले?

नालासोपारा पूर्वेकडील अग्रवाल नगरी परिसरात ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. मंजूर विकास आराखड्यात ही जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) दिलेल्या माहितीनुसार, येथील बेकायदा बांधकामे २००९ पासून सुरू झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ८ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने सर्व ४१ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्याविरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सात इमारती पाडण्यात आल्या. उरलेल्या ३४ इमारतींवर जानेवारी २०२५ पासून कारवाई सुरू झाली आणि २० फेब्रुवारी २०२५ रोजी ती पूर्ण झाली. सुमारे अडीच हजार कुटुंबांना घर सोडावे लागले. मे २०२५ मध्ये ईडीने याच प्रकरणात छापे टाकले. महापालिकेच्या तत्कालीन नगररचना उपसंचालकांच्या ठिकाणांवरून सुमारे ८.६ कोटी रुपयांची रोकड आणि सुमारे २३.२५ कोटी रुपयांचे दागिने व सोने-चांदी जप्त केल्याचे ईडीने सांगितले. आरोपांचा निवाडा न्यायालयातच व्हायचा आहे. घर गेलेल्या कुटुंबांचा हिशेब मात्र त्याआधीच झाला होता.

कायद्याच्या नजरेत ‘अधिकृत’ इमारत कोणती?

याचे उत्तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ (एमआरटीपी) या कायद्यात आहे. बांधकाम करायचे असेल तर नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. नकाशे मंजूर झाले की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘सीसी’ मिळते. तिची मुदत एक वर्षाची असते आणि ती दरवर्षी वाढवून घेता येते. मूळ मुदत धरून ही परवानगी जास्तीत जास्त चार वर्षे टिकते.

इमारत पूर्ण झाल्यावर ती मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे का, हे पाहून भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ओसी’ दिले जाते. सीसी सांगते की बांधायला परवानगी होती. ओसी सांगते की जे बांधले ते परवानगीप्रमाणे आहे आणि आता तेथे राहता येईल. इमारतीची वैधता ठरवणारे मुख्य कागद हे दोनच. बाकीचे सगळे कागद यांच्या जोडीने उपयोगी पडतात, यांच्याऐवजी नाही.

वसई-विरारमध्ये यात आणखी एक गुंता आहे. परवानगी कोणी द्यायची, हेच येथे काळानुसार बदलले. १९९० मध्ये या भागासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. जुलै २००९ मध्ये वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून महापालिका झाली आणि २०१० मध्ये नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे आले. त्यामुळे ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या जुन्या इमारतीबाबत पहिला प्रश्न हाच की, त्या वर्षी त्या जागेवर परवानगी देण्याचा अधिकार कोणाला होता? अधिकार नसलेल्या कार्यालयाचा शिक्का खरा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरतो.

करारनामा नोंदवला म्हणजे सरकारने मान्यता दिली का?

नाही. हा सर्वात मोठा आणि सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क भरले जाते, एक टक्का (कमाल ३० हजार रुपये) नोंदणी शुल्क भरले जाते, अंगठे आणि फोटो घेतले जातात. एवढ्या सरकारी सोपस्कारांनंतर ‘सरकारने तपासले असेलच’ असे वाटणे साहजिक आहे.

प्रत्यक्षात नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि त्याचा मूळ हेतू व्यवहाराची नोंद ठेवणे हा आहे. दस्त कोणी केला, कोणाशी केला, कधी केला, शुल्क भरले का, एवढेच तो पाहतो. विकणाऱ्याकडे खरोखर मालकी आहे का, हे ठरवणे निबंधकाचे काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. विकणाऱ्याने मालकीचा पुरावा दिला नाही म्हणून नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा तेथील नियम न्यायालयाने रद्द ठरवला.

नोंदणीकृत करारनाम्याची ही गत, तर नोटरी केलेल्या कागदाचे काय? अनधिकृत इमारतींतील अनेक व्यवहार स्टॅम्प पेपर, कुलमुखत्यारपत्र आणि नोटरीवर उरकले जातात. अशा कुलमुखत्यारपत्रावरील विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच सांगितले आहे.

मग घरपट्टी, वीज आणि पाणी कसे मिळते?

महापालिका स्वतः घरपट्टी घेते, मग तीच इमारत अनधिकृत कशी म्हणते? याचे उत्तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २६७-अ मध्ये आहे. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता करासोबत दंड लावण्याची ही तरतूद आहे. यालाच ‘शास्ती’ म्हणतात. मूळ तरतुदीनुसार ही शास्ती कराच्या दुप्पट होती. पुढे लहान घरांना त्यातून सवलत देण्यात आली. महत्त्वाचे म्हणजे, कर आणि शास्ती वसूल केली म्हणून ते बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे घरपट्टीची पावती सांगते की बांधकाम अस्तित्वात आहे आणि त्यावर कर लागतो. तिच्यावर ‘शास्ती’चा रकाना भरलेला असेल तर ती पावती इमारत अनधिकृत असल्याचाच पुरावा ठरते.

विजेचेही तसेच. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तेथे राहणारा भोगवटादार वीजजोडणी मागू शकतो. त्यामुळे वीजबिल राहण्याचा पुरावा म्हणून चालते, मालकीचा किंवा वैधतेचा पुरावा म्हणून नाही.

पाण्याचा प्रश्न थेट जगण्याशी जोडलेला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, अनधिकृत झोपडीत राहणाऱ्या माणसालाही पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही. हा निर्णय माणसाच्या हक्काबद्दल आहे. नळजोडणी मिळाली म्हणून भिंती अधिकृत होत नाहीत.

महारेरा क्रमांक असेल तर निर्धास्त राहावे का?

स्थावर संपदा कायदा (रेरा) २०१६ चा. महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरा काम करू लागले. या कायद्याने बांधकाम व्यवसायाची पद्धतच बदलली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे, करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे, ताबा दिल्यानंतर पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी घेणे, हे सर्व या कायद्यामुळे बंधनकारक झाले.

पण येथेही एक फट होती. विकासक ऑनलाइन अर्ज करून कागदपत्रे अपलोड करतो. महारेराने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, अन्यथा प्रकल्प नोंदणीकृत मानला जातो. अपलोड झालेली सीसीच बनावट असेल तर? संगणक प्रणालीत चुकीची माहिती भरली की बाहेर येणारे उत्तरही चुकीचेच असते. प्रणाली कितीही आधुनिक असली तरी आत आलेला कागद मूळ कार्यालयाकडून पडताळला नाही, तर ती बनावट कागदाला नवा, अधिक विश्वासार्ह क्रमांक देऊन मोकळी होते.

नेमके हेच घडले. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उघड झाले आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेथील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्याआधी २०२३ मध्ये विरारमध्ये पोलिसांनी अशीच एक टोळी पकडली. सरकारी कार्यालयांचे बनावट शिक्के आणि लेटरहेड वापरून तब्बल ५५ इमारतींची कागदपत्रे तयार करण्यात आल्याचे तपासात समोर आले होते.

यानंतर व्यवस्थेत काय बदल झाला?

जून २०२३ पासून महारेराने सीसीची खातरजमा थेट स्थानिक प्राधिकरणाकडून करून घेण्यास सुरुवात केली. सीसी दिल्यावर ती महारेराच्या ठरवून दिलेल्या ई-मेलवर पाठवावी, असे महापालिकांना सांगण्यात आले. महापालिकांची संकेतस्थळे महारेराशी जोडण्याचे निर्देश राज्य सरकारनेही दिले. १ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. तो मोबाइलवर स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती थेट महारेराच्या संकेतस्थळावर दिसते.

बदल तांत्रिक वाटेल, पण त्याचा अर्थ मोठा आहे. आतापर्यंत एका कार्यालयाचा कागद दुसऱ्या कार्यालयात पोहोचवणारा माणूस विकासकच होता. म्हणजे ज्याला तपासायचे, त्याच्याच हातून पुरावा येत होता. आता तो कागद देणाऱ्या कार्यालयाकडून तपासणाऱ्या कार्यालयाकडे जाणे अपेक्षित आहे. मात्र हे नव्या नोंदणीसाठी. जुन्या इमारतींतील पुनर्विक्रीच्या घरांना या पडताळणीचा फायदा होत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना तर रेरा नोंदणीतूनच सूट आहे. छोट्या भूखंडावर घाईने उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या बाबतीत ही सूट ग्राहकाने लक्षात ठेवायला हवी.

बेकायदा इमारत बांधणे परवडते कसे?

नियमाने बांधायचे तर विकास शुल्क, अतिरिक्त चटई क्षेत्रासाठीचे अधिमूल्य, मोकळी सोडायची जागा, पार्किंग, अग्निशमन व्यवस्था, वास्तुविशारद आणि संरचना अभियंत्याची जबाबदारी, हे सारे येते. आरक्षित किंवा दुसऱ्याच्या जागेवर विनापरवाना बांधणाऱ्याचा हा संपूर्ण खर्च वाचतो. म्हणून त्याचे घर स्वस्त असते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून विरार लोकलच्या शेवटच्या टोकापर्यंत आलेल्या कुटुंबाला ते ‘बजेटमधले’ वाटते. नियमाने बांधणारा विकासक मात्र दराच्या स्पर्धेत मागे पडतो.

दुसऱ्या बाजूला शिक्षा काय? एमआरटीपी कायद्याच्या कलम ५२ नुसार विनापरवाना बांधकामासाठी एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. एका इमारतीतील एका सदनिकेची किंमत लाखांत आणि दंड पाच हजारांपर्यंत! रेरा कायद्यात नोंदणी न करणाऱ्याला प्रकल्प खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड आहे, पण तो लागू होईपर्यंत अनेकदा सदनिका विकून संपलेल्या असतात. थोडक्यात, नफा आधी हातात पडतो आणि कायदा उशिरा पोहोचतो. या मधल्या काळातली सगळी जोखीम घर घेणाऱ्याच्या डोक्यावर येते.

रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो?

इमारत पाडली गेली नाही तरी किंमत मोजावीच लागते. मुंबईतील एका सोसायटीच्या प्रकरणात विकासकाने ओसी घेतली नव्हती. त्यामुळे रहिवाशांना २५ टक्के जास्त मालमत्ता कर आणि ५० टक्के जास्त पाणीपट्टी भरावी लागत होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सांगितले की, ओसी न घेणे ही विकासकाकडून सतत घडत राहणारी चूक आहे, त्यामुळे मुदत संपली म्हणून ग्राहकाची तक्रार फेटाळता येणार नाही.

अनधिकृत इमारतीतील घर विकायचे झाल्यास चांगली बँक कर्ज देत नाही, म्हणून खरेदीदार मिळत नाही. मिळाला तर भाव पाडून मागतो. इमारत जुनी झाली तर पुनर्विकासाचा मार्गही अडतो, कारण विकास नियंत्रण नियमावलीतील प्रोत्साहनपर चटई क्षेत्र अधिकृत इमारतींसाठी असते.

सर्वात मोठा धोका मात्र जिवाचा. विरार पूर्वेकडील विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा काही भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री कोसळला. त्यात १७ जणांचा बळी गेला. इमारत अनधिकृत होती आणि २०१२ च्या सुमारास बांधलेली होती. महापालिका कायद्यात ३० वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण सक्तीचे आहे. येथे इमारत १३ वर्षांतच कोसळली. मंजूर नकाशा, संरचना अभियंत्याची सही आणि टप्प्याटप्प्याची तपासणी हे केवळ सरकारी सोपस्कार नसतात. खांबात किती सळई आहे, हे पाहणारी ती शेवटची नजर असते. परवानगी टाळली की ती नजरही टाळली जाते.

इमारत नंतर नियमित होऊ शकते का?

काही प्रमाणात, पण सरसकट नाही. राज्य सरकारने २०१७ मध्ये एमआरटीपी कायद्यात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे अटींवर आणि शुल्क घेऊन नियमित करण्याची तरतूद केली. मात्र नदीपात्र, किनारा नियमन क्षेत्र, धोकादायक इमारती यांना त्यात जागा नाही. सार्वजनिक आरक्षणाच्या जागेवर इमारत असेल तर ते आरक्षण आधी रद्द किंवा स्थलांतरित व्हावे लागते. ‘पुढे नियमित होणारच आहे’ असे सांगून घर विकणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. ते ठरवणे विकणाऱ्याच्या हातात नसते. अनेक वर्षे वापर झाला किंवा मोठा पैसा गुंतला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. वरळीतील कॅम्पा कोला संकुलाच्या २०१३ च्या प्रकरणातही परवानगीपेक्षा जास्त चढवलेल्या मजल्यांना न्यायालयाने संरक्षण दिले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाचे नवे निर्देश काय आहेत?

उत्तर प्रदेशातील मेरठच्या एका प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम सुरू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावावा. पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ताबा देऊ नये. वीज, पाणी, मलनिस्सारणाची जोडणीही ते प्रमाणपत्र पाहूनच द्यावी. बँकांनी कर्ज देताना याच प्रमाणपत्राची पडताळणी करावी. चुकीने प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई व्हावी.

वर पाहिलेल्या सर्व फटी बुजवण्याचा हा प्रयत्न आहे. आजवर वीज कंपनी विजेपुरते, बँक आपल्या जोखमीपुरते आणि निबंधक दस्तापुरते पाहत होता. या निर्देशांनुसार वीजमीटर आणि कर्ज या दोन्ही दारांवर ‘ओसी आहे का?’ हा एकच प्रश्न विचारला जायला हवा. तो प्रत्यक्षात विचारला जातो का, यावर या निकालाचे यश ठरेल.

कारवाईची नोटीस आली तर रहिवाशांचे हक्क कोणते?

१३ नोव्हेंबर २०२४ च्या ‘बुलडोझर’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाची पद्धत घालून दिली. किमान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यावी आणि इमारतीवर चिकटवावी, रहिवाशांची बाजू ऐकावी, कारणांसह आदेश द्यावा, आदेशानंतरही १५ दिवस द्यावेत आणि तोडकामाचे चित्रीकरण करावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगत किंवा नदीपात्रातील बांधकाम आणि न्यायालयाच्या आदेशानुसार होणारी तोडक कारवाई यांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणून प्रकरण न्यायालयात असेल तर नोटीस येण्याची वाट न पाहता रहिवाशांनी तेथेच बाजू मांडणे महत्त्वाचे ठरते.

पैसे परत मिळू शकतात का?

कायद्यात वाट आहे, पण ती लांबची. जमिनीच्या मालकीतच दोष असल्याने नुकसान झाले, तर रेराच्या कलम १८(२) नुसार विकासकाने भरपाई द्यायची असते आणि अशा दाव्याला कालमर्यादेची आडकाठी नाही. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोग आणि फसवणुकीचा फौजदारी गुन्हा हे आणखी दोन मार्ग आहेत. आदेशाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. अडचण एवढीच की, वसुलीसाठी विकासकाच्या नावावर मालमत्ता सापडावी लागते.

घर घेण्यापूर्वी काय तपासावे?

१) सीसी आणि ओसीची प्रत विकासकाकडून घ्या, पण खातरजमा महापालिकेच्या नगररचना विभागाकडून करा. प्रतीवरील क्रमांक, तारीख, सर्व्हे क्रमांक आणि मजल्यांची संख्या जुळते का ते पाहा. चार मजल्यांची परवानगी आणि सात मजली इमारत, हेही अनधिकृतच.

२) परवानगी जुन्या तारखेची असेल तर त्या वर्षी नियोजन प्राधिकरण सिडको होते की महापालिका, हे तपासा.

३) सर्व्हे क्रमांकाचा सातबारा उतारा ऑनलाइन काढा. नाव विकासकाचे किंवा त्याला अधिकार देणाऱ्या मालकाचे आहे का, जमीन बिगरशेती झाली आहे का, ते पाहा.

४) त्याच सर्व्हे क्रमांकावर विकास आराखड्यात आरक्षण आहे का, हे नगररचना विभागाच्या झोन दाखल्यातून कळते. अग्रवाल नगरीतील आरक्षण अशा एका दाखल्याने समोर आले असते.

५) नवा प्रकल्प असेल तर क्यूआर कोड स्वतः स्कॅन करा. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही.

६) पुनर्विक्रीच्या घरात घरपट्टीची पावती मागा आणि शास्ती लागली आहे का, ते पाहा.

७) ‘बँका कर्ज देत नाहीत, पण आमची ओळखीची वित्तसंस्था देते’ असे सांगितले गेले, तर बँका का देत नाहीत हे आधी विचारा.

महापालिकेत तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘आज टोकन दिले नाही तर उद्या भाव वाढेल’ असे सांगणारा विक्रेता हे ३० दिवस थांबायला तयार नसेल, तर त्याची ती घाई हेच बहुतेक वेळा उत्तर असते.